‘लायसन टाकल्यापासनं सर्व्हर स्लो झालाय’

सकाळी पावणेदहाला कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या अकाउंट्स विभागातून फोन आला. “सर, लायसन टाकल्यापासनं सर्व्हर लई स्लो झालाय बघा. व्हाउचरला एंटर मारला की स्क्रीन तिथंच थांबतीय,” असे मॅडमनी सांगितले, आणि मागून कुणीतरी “जुनंच बरं होतं” असे म्हटलेलेही मला ऐकू आले. आदल्या दिवशी, कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीत, ते काम मीच केले होते. रिमोट डेस्कटॉपची, म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरून तिथेच काम करण्याच्या सोयीची, लायसन्सेस बसवली, सगळे हिरवे दिसले, दोन वापरकर्ते जोडून पाहिले आणि संध्याकाळी समाधानाने घरी आलो. त्यामुळे फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो हाच, की आपल्या हातून काहीतरी राहिले आहे.

पुढचा महिनाभर या सर्व्हरच्या मागे लागून जे सापडले ते सविस्तर लिहून ठेवत आहे, कारण हीच तक्रार मी याआधीही दोन-तीन ठिकाणी ऐकली आहे आणि दरवेळी लायसन्सलाच दोष दिला जातो.

आधी मांडणी सांगतो. कारखान्यात एकच सर्व्हर आहे. त्यावर हायपर-व्ही, म्हणजे एकाच मशीनमध्ये अनेक आभासी संगणक चालवण्याची विंडोजची सोय, असून त्यात दोन व्हर्च्युअल मशीन चालतात: एक डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांची लॉगिन आणि अधिकार सांभाळणारे, आणि दुसरे विंडोज सर्व्हर २०१९, ज्यावर टॅली, स्टोअरचे सॉफ्टवेअर आणि सामाईक फोल्डर आहेत. पूर्वी सगळे कर्मचारी आपापल्या पीसीवरूनच ही सॉफ्टवेअर चालवत आणि फक्त डेटा सर्व्हरवरून येई. रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवर शिरणारे आम्ही दोघेच होतो, मी आणि त्यांच्या ईडीपीचे, म्हणजे संगणक विभागाचे, इनचार्ज. व्यवस्थापनासाठीच्या अशा दोन जोडण्यांना विंडोज सर्व्हरमध्ये वेगळे लायसन्स लागत नाही. मग गोकुळ शिरगावला त्यांचे मशीन शॉप सुरू झाले, तिथल्या आठ जणांना तोच डेटा हवा होता, आणि इंटरनेटच्या लाइनवरून डेटा फाइल उघडणे हे काही कामाचे नव्हते. म्हणून सर्वांनीच, म्हणजे एकूण बावीस जणांनी, सर्व्हरवर शिरून काम करायचे असे ठरले आणि पंचवीस ‘पर यूजर’ कॅल, म्हणजे प्रत्येक माणसामागे एक अशी लायसन्सेस, खरेदी झाली.

आता त्या सुट्टीच्या दिवशी नेमके काय काय झाले हे पाहू. सेशन होस्टचा, म्हणजे अनेकांना एकाच वेळी आत घेऊन प्रत्येकाला वेगळे सेशन देण्याचा, रोल चढला, जोडणी योग्य सेशनकडे वळवणारा कनेक्शन ब्रोकर आला, लायसन्सिंगचा रोल चढवून तो ॲक्टिव्हेट केला, कॅल त्यात भरली, प्रत्येक वापरकर्त्याची प्रोफाइल, म्हणजे त्याची सेटिंग्ज आणि फाइली, वेगळ्या व्हर्च्युअल डिस्कमध्ये राहील अशी सोय केली, दोन पॉलिसी, म्हणजे सर्व्हरने पाळायचे नियम, लावल्या, रखडलेले अपडेट उरकले आणि सर्व्हर दोनदा रीस्टार्ट केला. कारखान्याच्या बोलीत या सगळ्याचे नाव एकच: ‘लायसन’. म्हणून “लायसन टाकल्यापासनं” हे वाक्य तारखेपुरते शंभर टक्के खरे असले, तरी कारण म्हणून ते कुठल्याच एका गोष्टीकडे बोट दाखवत नाही. हे मला उमगायला दोन दिवस गेले, कारण ते दोन दिवस मीही लायसन्सच्याच मागे होतो.

लायसन्सिंगची सेवा प्रत्यक्षात अतिशय हलकी असते. वापरकर्ता जोडला जातो तेव्हा सेशन होस्ट लायसन्स सर्व्हरला विचारतो, उत्तर मिळते आणि विषय संपतो. दर क्लिकला, दर व्हाउचरला ती मध्ये येत नाही. तिचा हिशेब सिस्टिम फोल्डरातल्या एलसर्व्हर नावाच्या उपफोल्डरात एका लहानशा डेटाबेस फाइलीत असतो. टास्क मॅनेजरमध्ये ती शोधून मी अर्धा तास तिच्याकडे पाहत होतो; प्रोसेसरचा आकडा शून्यावरून हलला नाही आणि मेमरीही नगण्य. एवढे पाहूनही खात्री पटावी म्हणून दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ती सेवा दहा मिनिटे बंद ठेवली. जे आधीपासून आत होते त्यांचे काम जितके हळू होते तितकेच हळू राहिले.

लायसन्सच्या नावावर टाकता येईल अशी एक चूक मात्र खरोखर सापडली आणि ती माझी होती. सेशन होस्टने कोणत्या लायसन्स सर्व्हरला विचारावे हे पॉलिसीत लिहावे लागते. तिथे दोन नावे होती आणि त्यांतले पहिले आम्ही चाचणीसाठी उभारून नंतर पुसून टाकलेल्या मशीनचे होते. अस्तित्वात नसलेल्या त्या नावाला हाक मारून, उत्तराची वाट पाहून, मग सर्व्हर दुसऱ्या नावाकडे वळत होता. लायसन्सिंग डायग्नोझर उघडल्यावर त्या नावासमोर इशारा स्पष्ट दिसत होता. काम झाल्यावर मी तो उघडून पाहिला असता तर पहिल्याच दिवशी कळले असते. नाव काढले, पॉलिसी ताजी केली आणि लॉगिन करताना सुरुवातीला जी अडखळ होती ती गेली. दिवसभराचा संथपणा तसाच राहिला.

इथे मूळ कोडे समोर आले. सर्व्हर मोकळा होता. प्रोसेसर पाव भागही वापरला जात नव्हता, मेमरी शिल्लक होती, एसएसडी निवांत होती, आणि तरीही स्टोअरमधले काका स्टॉकचा रिपोर्ट काढायला बसले की त्यांचा पडदा थिजत होता. वाहन रिकामे, रस्ता रिकामा आणि तरी वेग नाही, अशी ती अवस्था होती. टास्क मॅनेजरचे आकडे सर्व्हरला कसे वाटते ते सांगतात. समोर बसलेल्या माणसाला कसे वाटते ते त्यात येत नाही. सुदैवाने विंडोज सर्व्हर २०१९ पासून त्यासाठी वेगळा मापक मिळाला आहे, ‘यूजर इनपुट डिले’ नावाचा. माणसाने कळ दाबल्यापासून किंवा माउस क्लिक केल्यापासून प्रोग्रॅमने ती उचलेपर्यंत किती मिलिसेकंद गेले हे तो प्रत्येक सेशनसाठी वेगळे दाखवतो. २०१९ मध्ये तो आपोआप चालू नसतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, टर्मिनल सर्व्हरच्या कळीखाली, म्हणजे कप्प्यात, ‘एनेबल लॅग काउंटर’ हे मूल्य एक करून सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो. तेवढे केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून परफॉर्मन्स मॉनिटर चालू ठेवून बसलो. बावीसपैकी सोळा-सतरा सेशन अगदी सपाट होती. स्टोअर, डिस्पॅच आणि अकाउंट्समधल्या मोजक्या सेशनमध्ये मात्र आलेख मध्येच ताडमाड उंच जात होता, आणि त्या प्रत्येक वेळी तो माणूस मोठी फाइल वाचत होता किंवा मोठा रिपोर्ट काढत होता. म्हणजे जो डिस्क जास्त मागेल तोच अडकत होता, डिस्क रिकामी असतानाही.

सेशन होस्टचा रोल चढला की विंडोजमध्ये ‘फेअर शेअर’ नावाची व्यवस्था आपोआप चालू होते. प्रोसेसरसाठी ती विंडोज सर्व्हर २००८ आर२ मध्ये आली आणि सर्व्हर २०१२ पासून डिस्क व नेटवर्क यांनाही लागू झाली. तिचा हेतू चांगला आहे: एका माणसाने सगळा सर्व्हर खाऊन टाकू नये, सर्वांना समान वाटा मिळावा. पण समान वाटा आणि हवा तेवढा वाटा यांत फरक आहे. आमच्याकडे उपसा योजनेवर पाण्याची पाळी असते, तिचे उदाहरण मी कारखान्याच्या मालकांना दिले. शेजाऱ्याच्या उसाला आज पाणी नको असले आणि पाटात पाणी वाहत असले तरी, पाळीपत्रक कडक असेल तर आपल्याला आपल्या वेळेपुरतेच दार उघडता येते. ते स्वतः बागायतदार असल्यामुळे पुढे काही समजावावे लागले नाही.

खात्री करण्यासाठी चाचणी अगदी साधी घेतली. सगळे लोक घरी गेल्यावर स्टोअरच्या काकांच्या लॉगिनमधून डेटाचा एक ठरावीक फोल्डर सर्व्हरवरच एका जागेहून दुसऱ्या जागी कॉपी केला आणि घड्याळ लावले. चार मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागला. मग रजिस्ट्रीत सेवांच्या यादीतील ‘टीएस फेअर शेअर’ या कळीखाली, डिस्कच्या उपकळीत ‘एनेबल फेअर शेअर’ हे मूल्य एकाचे शून्य केले आणि सर्व्हर रीस्टार्ट केला. तोच फोल्डर, तेच लॉगिन, तीच वेळ. या खेपेस कॉपी पाऊण मिनिटात संपली. रात्री साडेनऊ वाजता रिकाम्या ऑफिसात उभा राहून मी ती चाचणी आणखी दोनदा केली आणि दोन्ही वेळा आकडा तोच आला. नेटवर्कचा फेअर शेअर दुसऱ्या रात्री बंद केला, कारण एका वेळी एकच बदल करायचा हा नियम मी पाळतो; दोन बदल एकत्र केले की फरक कशामुळे पडला हे कधीच कळत नाही. प्रोसेसरचा फेअर शेअर मात्र मी मुद्दाम चालूच ठेवला आहे. एखाद्याची एक्सेल शीट फॉर्म्युल्यांच्या भोवऱ्यात सापडली तर बाकीच्या एकवीस जणांना तो वाचवतो, आणि आमच्या मोजणीत त्याचा त्रास कुठेही दिसला नव्हता. इंटरनेटवर तिन्ही सरसकट बंद करण्याचे सल्ले दिले जातात. मोजल्याशिवाय ते करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तीन आठवडे फोन आला नाही. त्यानंतर आला तो निराळ्या सुरात. काम नीट चालते, पण सकाळी लॉगिन केल्यावर बराच वेळ काळा पडदा राहतो आणि स्टार्टचे बटण दाबले तर काहीच उघडत नाही. पहिल्या आठवड्यात असे नव्हते, आणि रोज थोडे थोडे वाढत गेले असे ईडीपीच्या इनचार्जनी आवर्जून सांगितले. त्यांचे हे निरीक्षण मोलाचे होते. जे एकदम बिघडते त्याचे कारण बदलात असते; जे रोज थोडेसे बिघडते तिथे काहीतरी साचत असते. काय साचत आहे ते शोधायचे होते.

इव्हेंट लॉग, तात्पुरत्या फाइली आणि प्रिंटरची यादी चाळून झाल्यावर मी सहज म्हणून विंडोज फायरवॉलमधली ‘इनबाउंड रूल्स’ची, म्हणजे आत येणाऱ्या जोडण्यांच्या नियमांची, यादी उघडली. खिडकी पांढरी झाली आणि तशीच राहिली. दोन-तीन मिनिटांनी यादी आली तेव्हा सरकपट्टीचा दांडा तिळाएवढा झाला होता. ‘कॉर्टाना’, ‘वर्क ऑर स्कूल अकाउंट’, ‘युअर अकाउंट’, पुन्हा ‘कॉर्टाना’, पुन्हा ‘वर्क ऑर स्कूल अकाउंट’, असे पानामागून पान तेच तेच नियम होते. मोजले तर दहा हजारांच्या वर निघाले. घडत होते ते असे: वापरकर्ता लॉगिन झाला की विंडोज त्याच्या अंगभूत ॲप्ससाठी त्याच्या नावे फायरवॉलचे काही नियम तयार करते. प्रोफाइल वेगळ्या डिस्कवर असेल तर पुढच्या लॉगिनला जुने नियम ओळखले जात नाहीत, नवे तयार होतात आणि जुने कुणी काढत नाही. बावीस माणसे, रोज दोन-तीन लॉगिन, असे आठवड्यांमागून आठवडे ते चालले होते, आणि दर लॉगिनला तो सगळा ढिगारा चाळला जात होता.

यावरचा उपाय विंडोजमध्येच आहे. सर्व्हर २०१९ मध्ये तो २०१९ च्याच एका अपडेटने आला. फायरवॉल पॉलिसीच्या कळीखाली ‘डिलीट यूजर ॲप कंटेनर्स ऑन लॉगऑफ’ या नावाचे मूल्य तयार करून ते एक केले की माणूस बाहेर पडताना त्याचे नियमही पुसले जातात. पण हे पुढच्यापुरते झाले. आधी साचलेले नियम त्याने जात नाहीत. ते काढण्यासाठी पुढच्या साप्ताहिक सुट्टीची रात्र धरली. व्हर्च्युअल मशीनचा पूर्ण बॅकअप घेतला, रजिस्ट्रीतला तो भाग निराळा काढून ठेवला, आणि ज्या नियमांच्या मालकाच्या रकान्यात एखाद्या वापरकर्त्याची ओळख आहे तेवढेच पॉवरशेलने एकेक करून पुसले. सर्व्हरचे स्वतःचे नियम, विशेषतः रिमोट डेस्कटॉपचे आणि फाइल शेअरिंगचे, यांना हात लावायचा नाही. घाईत ते गेले तर सर्व्हर समोर असूनही कुणाला आत शिरता येणार नाही. पहाटेपर्यंत काम चालले. सकाळी मॅडमनी लॉगिन केले तेव्हा मी शेजारीच उभा होतो, आणि पडदा काळा व्हायच्या आत डेस्कटॉप आला.

मेमरीचा प्रश्न यापेक्षा साधा होता, पण सोडवायला अवघड होता, कारण तो माणसांच्या सवयीचा होता. एका रात्री दहा वाजता मी वापरकर्त्यांची यादी काढली, तेव्हा बावीसपैकी सतरा सेशन ‘डिस्कनेक्टेड’ अवस्थेत जिवंत होती आणि प्रत्येकात टॅली, दोन-तीन एक्सेल आणि ब्राउझर उघडेच होते. वरच्या फुलीवर क्लिक केले की काम संपले, असा सर्वांचा समज होता आणि पीसीवर काम करण्याच्या हिशेबाने तो बरोबरच होता. रिमोट डेस्कटॉपवर मात्र फुलीने फक्त पडदा मिटतो, आत सगळे चालूच राहते. तुटलेले सेशन दोन तासांनी आपोआप बंद करण्याची पॉलिसी लावता येते, आणि ती मी लावलीही. पण गोकुळ शिरगावची लाइन दुपारी गेली आणि तीन तासांनी आली तर अर्धवट राहिलेली नोंद त्यात जाते. म्हणून सर्वांशी बोलून ती मुदत चार तासांवर नेली आणि प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर ‘काम संपले’ नावाचे एक चिन्ह ठेवले, ज्यावर क्लिक केले की सेशन नीट साइन आउट होते. स्टोअरच्या काकांनी ते चिन्ह उजव्या कोपऱ्यात ओढून ठेवायला सांगितले, कारण इतकी वर्षे त्यांचा हात तिकडेच जातो.

होस्ट मशीनचा, म्हणजे ज्यावर दोन्ही व्हर्च्युअल मशीन चालतात त्या मूळ सर्व्हरचा, पॉवर प्लॅन ‘बॅलन्स्ड’वरून ‘हाय परफॉर्मन्स’वर नेला आणि डेटा फोल्डर अँटिव्हायरसच्या सततच्या तपासणीतून वगळून त्याची तपासणी रात्रीवर टाकली, या दोन्हींचा फरक थोडा, पण मोजण्याइतका पडला. ज्यांच्याकडे डोमेन कंट्रोलर आणि सेशन होस्ट एकाच विंडोजवर आहेत त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: डोमेन कंट्रोलर झालेले विंडोज, ज्या डिस्कवर डिरेक्टरीचा डेटाबेस असतो तिचे राइट कॅशिंग, म्हणजे लिहायचा डेटा आधी तात्पुरत्या मेमरीत घेण्याची सोय, बंद करते, आणि त्याच डिस्कवर टॅलीचा डेटा असेल तर लिहिण्याचा वेग पडतो. हे दोन रोल एकत्र ठेवू नयेत अशी अधिकृत शिफारस आहेच.

‘स्लो’ हा शब्द ऐकताना आता मी एक प्रश्न आधी विचारतो: हळू चालते की मध्येच तुटते? सांगलीच्या एका सीए ऑफिसातून अशीच तक्रार आली होती आणि प्रत्यक्षात तिथे दर तासाला सेशन बंद पडत होते. त्यांच्याकडे डोमेन नव्हते, साधा वर्कग्रुप, म्हणजे मध्यवर्ती लॉगिन नसलेले पीसींचे जाळे, होता, आणि लायसन्सेस ‘पर यूजर’ घेतलेली होती. सर्व्हर २०१९ मध्ये वर्कग्रुपवर ती चालत नाहीत. साठ मिनिटांनी सेशन बंद होईल अशी सूचना येते आणि ते खरोखर बंद होते. लायसन्सेस ‘पर डिव्हाइस’, म्हणजे प्रत्येक पीसीमागे एक, अशी करून घेतली आणि तक्रार मिटली. तिथे मात्र दोष सर्वस्वी लायसन्सच्या निवडीचा होता.

याच ऑफिसात आधीच्या कुणीतरी लायसन्सशिवाय चालू देणारी एकशेवीस दिवसांची सवलतीची मुदत संपली की ती रजिस्ट्रीतून पुन्हा शून्यावर आणण्याची स्क्रिप्ट लावून ठेवलेली होती. असे करू नये, आणि ग्राहकाने आग्रह धरला तरी करून देऊ नये. ते लायसन्सच्या अटींच्या विरुद्ध तर आहेच, शिवाय ज्या सर्व्हरवर लोकांचे आयकराचे आणि जीएसटीचे हिशेब आहेत, त्याच्या सुरक्षेशी निगडित कळींचे अधिकार बदलून ती स्क्रिप्ट चालते. मालकांना हे समजावून सांगितल्यावर त्यांनी रीतसर कॅल घेतली. पैसे वाचतात म्हणून ते करून ठेवणाऱ्याने ग्राहकाला खरी जोखीम कधीच सांगितली नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते.

फाउंड्रीत आता दर शनिवारी ईडीपीचे इनचार्ज तीन आकडे एका वहीत लिहितात: सर्वाधिक इनपुट डिले, फायरवॉलच्या नियमांची संख्या आणि रात्री दहाला तुटलेल्या अवस्थेतली सेशन. नियमांची संख्या तीन महिने जागची हललेली नाही. तुटलेली सेशन सतरावरून तीन-चारवर आली आहेत. इनपुट डिले मात्र महिन्यातून एकदा अजूनही उंच जातो, तो दहा तारखेच्या दुपारी, कारण अकरा ही जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचे जीएसटी विवरणपत्र, भरण्याची शेवटची तारीख असते आणि अकाउंट्स, डिस्पॅच आणि स्टोअर हे तिघेही त्याच दुपारी मोठे रिपोर्ट काढायला बसतात. स्टोअरचा रिपोर्ट नऊ तारखेला संध्याकाळी सहानंतर काढायचे काकांनी मान्य केले आहे. येत्या दहा तारखेचा आकडा वहीत चढला की त्याचा किती उपयोग झाला ते दिसेल.